सुट्टी आहे ना, झोपतील नंतर!

मे महिन्याच्या अंकासाठी प्रश्न मागवले की घामोळं, आंबे खाऊन बिघडलेलं पोट आणि पोहायला कितव्या वर्षी पाठवायचं हे तीन विषय दरवर्षी ठरलेले असतात. यंदा पत्रं उघडली तर बहुतेक सगळ्यांचं एकच रडगाणं, सुट्टी लागल्यापासून पोरं रात्री झोपतच नाहीयेत. म्हणून यावेळी बाकी सगळं बाजूला ठेवलंय, घामोळं पुढच्या अंकात.

प्रश्न : मी भांडुपला राहते, वन रूम किचन आहे. मुलगा ७ वर्षांचा, मुलगी ४ वर्षांची. शाळा असताना साडेनऊला झोपायची, आता साडेबारा वाजतात आणि सकाळी दहाशिवाय कोणी हलत नाही. मिस्टरांचं ऑफिस लोअर परळला, घरी यायला साडेदहा होतात, ते म्हणतात वर्षभर मी आलो की पोरं झोपलेली असतात आता सुट्टीत तरी भेटू दे. सासूबाई म्हणतात सुट्टीत कसली आलीये शिस्त. त्यात व्हॉट्सॲपवर कोणीतरी पाठवलं की रात्री १० ते २ मध्ये मूल झोपलं नाही तर उंची खुंटते. मी एकटीच ओरडत बसते. नक्की किती वाजता झोपवायचं? — एक आई, भांडुप

उत्तर : ताई, आधी ती उंचीची भीती डोक्यातून काढा. वाढीचं हार्मोन झोपेत जास्त सुटतं हे खरंय, पण ते भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले म्हणून सुटत नाही, मूल झोपल्यावर सुरुवातीची जी गाढ झोप लागते ना तेव्हा ते भरपूर येतं. नऊला झोपलं तर तेव्हा, अकराला झोपलं तर तेव्हा. तो मेसेज डिलीट करा आणि पुढे पाठवू नका.

आता तास मोजू. 'अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन' या संस्थेने २०१६ साली वयाप्रमाणे जे तास सांगितले तेच आम्ही डॉक्टर लोकही सांगतो, ३ ते ५ वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून १० ते १३ तास, ६ ते १२ वयाला ९ ते १२ तास आणि १३ ते १८ ला ८ ते १० तास. तुमचा मुलगा साडेबारा ते दहा म्हणजे साडेनऊ तास झोपतोय, बसतंय की त्यात! मुलगी दुपारी दीड-दोन तास झोपत असेल तर तिचंही बसतंय. म्हणजे तुमची मुलं कमी झोपत नाहीयेत, त्यांची झोप फक्त पुढे सरकलीये. हे दोन वेगळे आजार आहेत आणि औषधही वेगळं आहे, पण घरोघरी एकच औषध चालू असतं, रात्री साडेनऊला लाईट बंद करून "डोळे मीट, मीट म्हणते ना" करत बसायचं. सकाळी दहाला उठलेलं मूल साडेनऊला डोळे मिटणार कसं, त्याच्या अंगात अजून तीन तासांची बॅटरी शिल्लक आहे.

कारण असं की आपल्या मेंदूत झोपेचं जे घड्याळ आहे ते बरोब्बर चोवीस तासांचं नसतंच, बहुतेकांचं काही मिनिटं जास्त असतं. मोकळं सोडलं की ते रोज थोडं थोडं पुढे सरकत जातं, आपण होऊन मागे सहसा येत नाही. त्याला रोज जागेवर आणतो सकाळचा उजेड. रात्रीचा उजेड बरोब्बर उलटं काम करतो, म्हणजे अंधार पडायला लागला की मेलाटोनिन नावाचं हार्मोन सुटतं आणि डोळ्यावर झापड येते, पण समोर ट्यूबलाईट, टीव्ही, वर मोबाईल असेल तर ते सुटायचं लांबतं, आणि मोठ्यांपेक्षा लहानांचं जास्त लांबतं कारण त्यांच्या डोळ्याच्या भिंगातून उजेड जास्त आत जातो. सासूबाईंना हे माझं खूळ वाटेल, तर त्यांना सांगा की हे घड्याळ आतून कसं चालतं ते शोधणाऱ्या तिघांना २०१७ सालचं नोबेल मिळालंय.

तेव्हा किती वाजता झोपवायचं हा प्रश्नच सोडा, किती वाजता उठवायचं ते ठरवा. मी म्हणेन आठ. शाळेसारखं साडेसहा नको, सुट्टी आहे, पण दहाही नको. एकदम दहावरून आठवर आणलं तर पहिले दोन-तीन दिवस किरकिर होईल, संध्याकाळी चिडचिड होईल, तेवढी सोसा. उठल्या उठल्या पडदे सरकवा, गॅलरीत नाहीतर कॉमन पॅसेजमध्ये दूध प्यायला बसवा, खाली दूध-पाव आणायला पाठवायचं वय असेल तर पाठवा. त्यानंतर दहा-साडेदहाला ती पेंगायला लागतील आणि तुम्हाला ओरडावं लागणार नाही. धाकटीची दुपारची झोप मात्र साडेतीनच्या पुढे जाऊ देऊ नका. पाचला झोपून सातला उठलेली चार वर्षांची मुलगी रात्री अकराला नाचते, त्यात तिचा काही दोष नाही.

आता मिस्टरांचा मुद्दा, आणि मला तो अगदी पटतो. मुंबईत बाप हा प्राणी मुलांना रविवारीच दिसतो. पण बघा, साडेदहाला आलेला माणूस घामाघूम असतो, त्याला आंघोळ करायची असते, जेवायचं असतं, मोबाईलवर दोन कामं उरलेली असतात, पोरांच्या वाट्याला खरं येतं काय तर अर्धा तास, तोही टीव्हीसमोरचा. तोच माणूस सकाळी आठ ते नऊ घरात असतो ना? मुलं आठला उठली तर तो तास त्यांचा. बाबांच्या हातची आंघोळ, बाबांबरोबर चहात बुडवून खारी, नाक्यापर्यंत बाबांना सोडायला जाणं. वर शनिवारची रात्र पूर्ण मोकळी ठेवा, त्या दिवशी आईस्क्रीम खायला अकराला बाहेर पडलात तरी माझी हरकत नाही, फक्त रविवारी उठायचं नऊच्या आत.

राहता राहिली जागा. "मुलांच्या खोलीतला दिवा मंद करा, शांत संगीत लावा" असं सांगणाऱ्या तज्ज्ञांना मी एक रात्र वन रूम किचनमध्ये मुक्कामाला पाठवीन. जिथे बसायची, जेवायची, टीव्हीची आणि झोपायची खोली एकच आहे तिथे मुलांची झोप गाद्या कधी घातल्या जातात यावर ठरते. आणि गाद्या घालता येत नाहीत कारण बाबांचं जेवण व्हायचंय, ताट घेऊन ते तिथेच खाली बसणार, आजींची मालिका संपायचीये. मग साडेअकराला एकदम सगळं आवरलं जातं, सगळ्या गाद्या एकदम पडतात, आणि पोरं गाद्यांवर उड्या मारून ताजीतवानी होतात कारण गादी घातली की दंगा हा त्यांचा रोजचा खेळ झालेला असतो. तुमच्याकडेही असंच असणार म्हणून एक करून बघा, मुलांची गादी सगळ्यांच्या आधी, साडेनऊला, भिंतीकडच्या कोपऱ्यात घाला आणि बाबांचं ताट स्वयंपाकघरात मांडा. स्वयंपाकघर मोठं असेल तर उलटं करा, ओटा आवरून झाला की मुलांना आत झोपवा, गॅसचा नॉब नीट बंद केलाय ना बघून, मग बाहेर मालिका चालू दे हळू आवाजात. ट्यूबलाईट घालवून झिरोचा बल्ब लावा. मुलांना आठ-साडेआठला जेवायला वाढा, बाबांसाठी थांबवू नका.

आणि खेळून आल्यावर, जेवायच्या आधी, आंघोळ. कोमट पाण्याने आंघोळ केली की कातडीकडे रक्त येतं आणि तिथून अंगातली उष्णता बाहेर पडते, अंग निवलं की झोप लवकर येते. पाणी तापवायचीही गरज नाही, मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी संध्याकाळी नळाला तापूनच येतं.

सासूबाईंना शिस्त लावायला सांगू नका, गोष्ट सांगायला सांगा, अंधारात. त्या कामात त्यांचा हात धरणारं घरात दुसरं कोणी नसेल.

प्रश्न : आम्ही गिरगावात राहतो. मुलगा-सून पुण्याला. दोन्ही नातवंडं (९ आणि ६) सुट्टीत आमच्याकडे येतात आणि रोज रात्री साडेनऊला सूनबाईंचा फोन, "बाबा, झोपली ना?" इकडे आयपीएलची मॅच रंगात आलेली असते, पत्ते मांडलेले असतात, नाहीतर मी भुताच्या गोष्टी सांगत असतो. आमच्या लहानपणी आम्ही चाळीच्या गच्चीवर बारा-बारा वाजेपर्यंत जागायचो, काही वाईट झालं नाही आमचं. तुम्हीच सांगा कोण चूक? — एक आजोबा, गिरगाव

उत्तर : काका, तुम्ही थोडे बरोबर आणि सूनबाई थोड्या बरोबर, आणि मी तुमच्या दोघांच्या भांडणात पडणार नाही. शाळेच्या वेळेपेक्षा तास-सव्वा तास इकडे तिकडे झाला तर काही बिघडत नाही. आजोबांकडे येऊन पण साडेनऊलाच झोपायचं तर यायचं कशाला, असं मलाही वाटतं. सूनबाईंना सांगा साडेदहा, आणि मग साडेदहा म्हणजे साडेदहाच पाळा.

गच्चीचं म्हणाल तर तुमच्याच आठवणीत अर्धी गोष्ट राहिलीये. गच्चीवर बाराला झोपलेला मुलगा सकाळी किती वाजता उठायचा? मुंबईत मे महिन्यात सहा वाजून गेले की सूर्य वर येतो, कावळे सुरू होतात, साडेसहाला तोंडावर ऊन, गाद्या गुंडाळून खाली न्यायच्या म्हणून कोणीतरी पांघरूण ओढायचं. म्हणजे उशीर झाला तरी सकाळ सुटायची नाही, आणि दुसऱ्या दिवशी दिवसभर गल्लीत हुंदडून पोरं रात्री आपोआप लवकर पडायची. आता नातवंडं जागतात तुमच्यासारखी, पण सकाळी एसीची खोली, जाड पडदे, अंधार, दहा वाजले तरी उजेडाचा पत्ता नाही. तेव्हा गच्चीची रात्र हवी असेल तर सकाळही गच्चीची घ्या. सातला उठवून दोघांना चौपाटीवर घेऊन जा, तुम्ही तसेही फिरायला जात असालच.

मॅचचं सोपं आहे. साडेसातची मॅच संपायला साडेअकरा होतात. पहिली बॅटिंग पूर्ण बघा, दुसरीतल्या पॉवरप्लेपर्यंत बसू दे, पुढचं सकाळी पेपरात वाचायचं, वाचनही होईल. मुंबईची मॅच असेल आणि शेवटच्या ओव्हरपर्यंत आलेली असेल तर मी घरात नाही असं समजा. फायनलला सूट.

भुताच्या गोष्टींबद्दल मात्र जरा सांभाळून. नऊ वर्षांच्याला मजा येते, सहा वर्षांच्याला ती रात्री अंथरुणात भेटते. आणखी एक सांगून ठेवते, झोपल्यावर दोन-तीन तासांच्या आत धाकटा एकदम किंचाळून उठून बसला, डोळे उघडे पण तुम्हाला ओळखत नाहीये, घाम फुटलाय, तर घाबरू नका. हा प्रकार बहुतेक वेळा भुतामुळे नसतो, दमलेल्या आणि झोप अपुरी पडलेल्या मुलांत जास्त दिसतो. गदागदा हलवून जागं करू नका, पडणार-आपटणार नाही एवढं बघा, काही मिनिटांत परत झोपेल आणि सकाळी त्याला काहीही आठवणार नाही. पहाटेकडे रडत उठून "मला स्वप्न पडलं" असं नीट सांगत असेल तर मात्र ते भूत तुमचंच.

प्रश्न : डॉक्टर काकू, मी यंदा दहावीत जाणार. सुट्टीतच क्लास सुरू झालाय, सकाळी ७ ची बॅच. मला रात्री साडेबारा-एकच्या आधी खरंच झोप येत नाही, आई म्हणते मोबाईलमुळे. मोबाईल नसला तरी येत नाही. सकाळी क्लासमध्ये काहीच कळत नाही आणि रविवारी मी बारापर्यंत झोपते त्यावरून पण घरात भांडण. मी आळशी आहे का? — एक मुलगी, बोरिवली

उत्तर : आळशी नाहीस गं. वयात येताना ते आतलं घड्याळच एक-दोन तासांनी पुढे सरकतं, जगभरातल्या मुलामुलींचं सरकतं, मोबाईल यायच्या आधीपासून सरकतंय. तुझ्या आईचंही सरकलं असणार, तिला तेव्हा कोणी विचारलं नाही एवढंच. हे वाक्य आईला वाचून दाखव, पण पुढचंही दाखव.

झोप अकराऐवजी बाराला येणं हा वयाचा भाग, बाराची एक होणं हा मोबाईलचा. रील्स बघताना उजेडाइतकंच त्रासदायक असतं ते पुढचं काय येतंय ही उत्सुकता, डोकं शांतच होत नाही. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव, गजर लावायला साधं घड्याळ घे. संध्याकाळी क्लासच्या मैत्रिणींबरोबर कोल्ड कॉफी पीत असशील तर ती दुपारीच पी, कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-एक तास लागतात. रविवारी बारापर्यंत झोपलीस की रविवारी रात्री दोनपर्यंत झोप येणार नाही आणि सोमवारची सातची बॅच पुन्हा पाण्यात, म्हणून रविवारी नऊ-साडेनऊला ऊठ आणि हवं तर दुपारी वीस-पंचवीस मिनिटं डुलकी काढ. सकाळी क्लासला रिक्षाने न जाता चालत गेलीस तर उजेड आपोआप मिळेल.

आता आईसाठी. तुमच्या मुलीच्या वयाला ८ ते १० तास लागतात. सातच्या बॅचसाठी सहाला उठायचं तर तिने दहाला झोपायला हवं, जे तिच्या शरीराला आत्ता जमत नाहीये. त्याच क्लासची नऊची किंवा दुपारची बॅच असेल तर ती बदलून घ्या, फी तेवढीच असते. मला या बाबतीत आपल्याकडच्या कारभाराचं जरा हसूही येतं. तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मुलांच्या झोपेचा विषय काढला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने ठरवलं की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवायचे नाहीत. चांगलं झालं, चिमुरड्यांना अंधारात उठवणं क्रूरच होतं. पण ज्यांचं घड्याळ खरोखर उशिरा चालतं ती आठवी-नववी-दहावीची मुलं, त्यांना कोणी विचारलं नाही, उलट मुंबईत जागेअभावी दोन पाळ्यांत शाळा चालते तिथे सकाळची पाळी बहुतेक मोठ्यांच्याच गळ्यात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ सालीच सांगितलंय की मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी नकोत. आपल्याकडे शाळा सोडा, क्लासही सातचा.

प्रश्न : नणंद अमेरिकेहून आली तेव्हा मेलाटोनिनच्या गमी घेऊन आली, तिथे मुलांना सर्रास देतात म्हणे. मुलगा ५ वर्षांचा, रात्री फार उशीर करतो. सुट्टीत देऊ का? — मुलुंड

उत्तर : नको. गोळी जेलीसारखी लागली म्हणून खाऊ होत नाही. ते हार्मोन आहे, काही मुलांना आम्ही देतोही, पण तपासून, कारण बघून, मोजून. आणि डबी उंच ठेवा, गोड लागतं म्हणून मुलं मूठभर खातात.

प्रश्न : मुलगा ६ वर्षांचा. सुट्टीत रत्नागिरीला गावी गेलो तेव्हा सगळे एका ओळीत झोपायचो, तर काकी म्हणाली हा रात्रभर घोरतो, तोंड उघडं ठेवून झोपतो. आमच्या लक्षात कधी आलं नाही कारण एसीच्या आवाजात कळत नाही. तो दहाला झोपून नऊला उठतो तरी दिवसभर पेंगलेला, नाहीतर उगाच चिडलेला. अजून लवकर झोपवू का? — एक बाबा, मालाड

उत्तर : काकींना माझा नमस्कार सांगा. अकरा तास झोपूनही मूल पेंगत असेल तर वेळेचा प्रश्नच नाही, झोपेच्या दर्जाचा आहे. सर्दीत चार दिवस घोरणं वेगळं, रोज घोरणं वेगळं. या वयात नाकामागची ॲडिनॉइड्स नाहीतर टॉन्सिल्स वाढलेले असले की श्वासाची वाट अरुंद होते, झोपेत श्वास मध्येच अडतो, मेंदू अर्धवट जागा होतो, आणि असं रात्रभर चालतं. मोठी माणसं झोप झाली नाही की मंदावतात, मुलं बऱ्याचदा उलटी जास्त चळवळी आणि चिडकी होतात म्हणून "मस्तीखोर आहे" यावर विषय संपतो.

रात्री एसी-पंखा बंद करून दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा, छातीपासून तोंडापर्यंत दिसेल असा, श्वास थांबून मग हुंदका दिल्यासारखा परत सुरू होतो का ते त्यात बघता येईल. तो घेऊन आधी मुलांच्या डॉक्टरांकडे जा, ते गरज वाटली तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवतील. शाळा सुरू व्हायच्या आधी जा. यावर चांगले उपाय आहेत.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या मागच्या मैदानात मे महिनाभर लग्नं, हळदी, रात्री बारा बारापर्यंत डीजे. मुलांना झोपवायचं कसं? — कांदिवली

उत्तर : हा प्रश्न डॉक्टरचा कमी आणि पोलिसांचा जास्त आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, रात्री १० ते सकाळी ६ मोकळ्या जागेत लाऊडस्पीकर बंद, सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सणा-कार्यक्रमांसाठी बारापर्यंत सूट देऊ शकतं, आणि कोणाची हळद हा काही त्यातला दिवस नसतो. सव्वादहाला ११२ ला फोन करा. एकट्याने केला तर वाईटपणा येतो म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर ठरवून चार-पाच घरांतून करा. तोवर पंखा फुल, खिडकी त्या बाजूची बंद.

प्रश्न : मुलगी ११ वर्षांची, सहावीत जाणार. शाळा १५ जूनला सुरू. स्कूलबस ६.४० ला येते त्यामुळे पावणेसहाला उठवावं लागतं. आत्ता ती साडेअकराला झोपते आणि नऊला उठते. दरवर्षी पहिला आठवडा रडारड, बस चुकणं, डबा तसाच परत. यंदा आधीपासून काय करू? — विक्रोळी

उत्तर : हा प्रश्न मे महिन्यात विचारलात हेच अर्धं काम झालं. बहुतेक घरांत १४ जूनच्या रात्री नऊला लाईट बंद करून "उद्या शाळा आहे, झोप" असा हुकूम निघतो आणि मूल अकरापर्यंत छताकडे बघत पडतं.

आधी पावणेसहाचं गणित बदलू. ९ ते पावणेसहा म्हणजे नऊ तासांना पाव तास कमी. दप्तर, युनिफॉर्म, बूट-मोजे, पाण्याची बाटली, वेणीचे रबर सगळं रात्री दाराजवळ काढून ठेवलं तर सहाला उठूनही बस मिळते. तेवढा पाव तास तिच्या झोपेचा.

मग १ जूनपासून रोज सकाळी पंधरा मिनिटं लवकर उठवा. पावणेनऊ, साडेआठ, सव्वाआठ असं. नऊवरून सहावर यायला बारा दिवस लागतात, एखाद-दोन दिवस चुकले तरी १५ च्या आत बसतं. रात्रीची वेळ तुम्ही ओढत बसू नका, ती दोन-तीन दिवस मागून आपणच येते, फक्त साडेआठनंतर टीव्ही आणि मोबाईल तिच्या हातात नको. जेवणाची वेळही सोबत मागे आणा, दहाला जेवणारं मूल नऊला झोपणार कसं.

मुंबईपुरती एक भानगड आहे. आपल्याकडे पाऊस साधारण ११ जूनच्या आसपास येतो, म्हणजे नेमकं तुम्ही तिला साडेसहावर आणलेलं असताना आभाळ भरतं, सकाळ काळवंडते, आणि अशा हवेत मोठ्यांनाही उठवत नाही. त्या दिवसांत नुसते पडदे उघडून भागत नाही. खिडकीशी बसवा, शक्य असेल तर छत्री घेऊन खाली दुकानापर्यंत चक्कर मारा, ढगातून येणारा उजेडसुद्धा घरातल्या ट्यूबलाईटच्या कितीतरी पट असतो.

गावाला असाल तर १२-१३ जूनचं तिकीट काढू नका, त्याआधी चार-पाच दिवस परत या. कोकणातून रात्रीच्या गाडीने पहाटे दादरला उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी शाळा, मग तुमची बारा दिवसांची मेहनत त्या एका रात्रीत जाते.

१४ तारखेला रात्री तिला झोप उशिराच लागेल, नवीन वर्ग, नवीन बाई, कोण कुठल्या बाकावर बसणार ही चिंता, ते असू दे, रागावू नका. पहिल्या दिवशी शाळेतून आल्यावर मात्र दुपारी तीन तास झोपू देऊ नका, अर्ध्या तासाने उठवा, आणि त्या आठवड्यात संध्याकाळचा डान्स क्लास सुरू करत असाल तर तो पुढच्या सोमवारपासून करा.